बाराच्या आत उसळ

वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तीन महिन्यांत आमच्या विहारातल्या भन्तेंच्या भोजनदानाची पाळी सोळा घरांत फिरते, आणि ज्याची पाळी असेल त्याला आदल्या दिवशी आठवणीची चिठ्ठी पाठवण्याचं काम सचिव या नात्याने माझ्याकडे असतं. हे काम मी कधी चुकवलं नाही. मला मलेरिया झाला होता तेव्हाही चिठ्ठी गेली होती, अक्षर तेवढं थरथरलेलं होतं. फक्त एक गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे पाळी सचिवाच्याच घरी असेल तेव्हा सचिवाला चिठ्ठी कोण पाठवणार.

त्यामुळे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या त्या शुक्रवारी, कंपनीला सुट्टी म्हणून मी सकाळी दहा वाजता बनियनवर बसून दुसरा चहा पीत होतो. सरस्वती, म्हणजे आमची सौभाग्यवती, बहिणीच्या बाळंतपणासाठी बदलापूरला गेली होती. मी एकटाच होतो आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. तेवढ्यात दारात सुदामराव उभे राहिले.

सुदामराव आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. उल्हासनगर कॅम्प एकला एका सिंधी शेटच्या कापडाच्या दुकानात मॅनेजर असल्यामुळे त्यांची भाषा अर्धी तिकडची झाली आहे. ते म्हणाले, "साईं, भन्ते अकराला निघतायत. म्हटलं, बघून येऊ उसळीचा मामला फिट आहे की नाही."

"कुणाकडे निघतायत?" मी विचारलं.

सुदामरावांनी खिशातून पाळ्यांचा कागद काढला. तो मीच कंपनीच्या टाइपरायटरवर टाइप केला होता. दुसऱ्या ओळीत शुक्रवारपुढे माझं नाव होतं, आणि खाली माझीच सही होती.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे भिक्खू दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. पाणी घेतील, पण घास नाही. म्हणजे त्या दिवशी बाराच्या आत आमचे सत्तरीचे भन्ते जेवले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहणार. दुसरी गोष्ट मला सांगायला जड जाते. भोजनदानाला नियमावली आहे, आणि ती मी लिहिली आहे. आदल्या वर्षी सुदामरावांनी स्वतःच्या पाळीला स्टेशनसमोरच्या हॉटेलातून पुरीभाजी आणली होती. त्यावर मी त्यांना समितीच्या कागदावर लेखी समज दिली आणि सभेत नियम मंजूर करून घेतले. नियम चार: भोजन दात्याच्याच घरी, दात्याच्या कुटुंबातील व्यक्तीनेच शिजवलेले असावे. नियम सहा: भन्तेंची प्रकृती लक्षात घेता भोजनात अख्ख्या कडधान्याची उसळ अनिवार्य राहील, बटाट्याला उसळ समजले जाणार नाही. ही नियमावली मी विहाराच्या भिंतीवर चिकटवलीही होती.

"सगळं तयार आहे," मी सुदामरावांना म्हणालो. माझ्या आवाजाने मला साथ दिली नाही.

"मग मी बसतो," असं म्हणून ते खुर्चीवर बसले. "अध्यक्षाने कधीतरी निरीक्षण करायला पाहिजे. तुम्हीच म्हणाला होता मीटिंगमध्ये."

मी असं म्हणालो होतो. आयुष्यात मी फार गोष्टी म्हणालेलो आहे.

आतल्या खोलीत फळीवर पाच-सहा डबे होते. सरस्वती कुठल्याच डब्यावर काही लिहीत नाही, कारण तिला ठाऊक असतं. मी डबे उघडून पाहिले. एका डब्यात तांबडी डाळ होती. ती डाळ, म्हणजे उसळीच्या कामाची नाही, असा मी झटकन निर्णय घेतला. दुसऱ्या डब्यात गडद रंगाचे दाणे होते. मसूर गडद असतो हे मला माहीत होतं, म्हणून ते मसूर असणार असं मी ठरवलं. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कडधान्याची आणि माझी भेट नेहमी शिजल्यानंतरच झाली होती, आणि त्या अवस्थेत ती मला चांगली ओळखू येतात.

शेजारच्या सुंदराबाई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. आमच्या चाळीत बातमीला पाय लागत नाहीत. मी त्यांना आत बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "नको बाई. मागच्या पाळीला माझ्या नणंदेने चपात्या लाटल्या तर तुम्ही विचारलंत, ही कुटुंबात बसते का म्हणून. मी इथूनच सांगते. कडधान्य कंचं घेतलंत?"

"मसूर."

"भिजवलेत?"

"नाही."

"मसूर ना? मग चालतंय. मसुराला भिजवायला नाय लागत. धुवा, कुकरला लावा, चार शिट्ट्या द्या, गाळ होतो नुसता. घाबरू नका शंकरभाऊ."

मला इतकं बरं वाटलं की मी सुदामरावांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग कुकर काढला आणि बरं वाटणं तिथेच संपलं, कारण कुकरची शिट्टी नव्हती. फळीवर, डब्यात, चाळणीखाली, कुठेच नव्हती. सुंदराबाईंनी शांतपणे माहिती दिली की शिट्टी बदलापूरला आहे. गेल्या वेळी सरस्वती माहेरी गेली असताना मी आमटी छतावर उडवली होती, म्हणून या खेपेला ती शिट्टी पिशवीत घालून घेऊन गेली होती. नवऱ्यावर विश्वास नसणं मी समजू शकतो. पण तो अविश्वास अख्ख्या चाळीला माहीत असावा आणि मलाच नसावा, हे मला लागलं.

सुंदराबाईंनी आपल्या कुकरची शिट्टी दिली. ती जरा जड होती. त्यामुळे कुकर शिट्टी वाजवेना, नुसता फुसफुसायचा. मग प्रश्न पडला की फुसफुसणं शिट्टीत धरायचं की नाही. सुंदराबाईंच्या हिशेबाने दोन झाल्या होत्या, माझ्या मते पाच, आणि सुदामरावांनी घड्याळ लावून सांगितलं की अध्यक्षांच्या नोंदीप्रमाणे अद्याप एकही शिट्टी झालेली नाही. या चर्चेत आम्ही रंगलो होतो तेव्हा फुसफुसणं हळूहळू बंद पडलं. मी वाकून पाहिलं. गॅस संपला होता.

गॅस एजन्सी स्टेशनच्या बाजूला आहे. मी शर्ट चढवून धावलो. खिडकीतल्या गृहस्थांनी कार्ड मागितलं. कार्ड सरस्वतीच्या पर्समध्ये होतं, म्हणजे तेही शिट्टीबरोबर बदलापूरला होतं. मी म्हणालो, "कार्ड नंतर आणून देतो. माझ्याकडे फार तर सव्वा तास आहे."

"आमच्याकडे अठरा दिवस आहेत," ते म्हणाले. "आज बुक केलंत तर. आणि कार्डाशिवाय बुक होत नाही."

"घरी भन्ते जेवायला येतायत हो."

"मग त्यांचं रेशन कार्ड आणा, नवीन कनेक्शनचा फॉर्म देतो."

ते चिडून बोलत नव्हते, मदत करत होते. तेच जास्त वाईट होतं. भन्तेंचं रेशन कार्ड या विषयावर मी दोन मिनिटं खरोखरच विचार केला, यावरून माझ्या डोक्याची काय अवस्था झाली होती ते कळेल.

परत आलो तेव्हा अकराला दहा कमी होते. सुंदराबाईंनी आपला वातीचा स्टोव्ह उंबऱ्याबाहेर आणून ठेवला होता. तो मीच आत नेला, मीच पेटवला. स्टोव्ह दुसऱ्याचा चालतो का, यावर सुदामरावांनी नियमावली तोंडपाठ म्हणून पाहिली. भांडी आणि इंधनाबद्दल मी काही लिहायचं विसरलो होतो. पुढच्या सभेत दुरुस्ती सुचवायची असं माझ्या मनात येऊनही गेलं. सवय वाईट असते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी भन्ते आले. हातात पात्र, काखेत छत्री, अंगावरच्या चिवराच्या कडेला चिखल. आम्ही वंदन केलं. त्यांनी मंगल होवो म्हटलं आणि चटईवर बसून डोळे मिटले. ते नागपूरकडचे, बोलायचे फार कमी. सकाळी पाचला उठून ते विहार झाडतात, मुलांना शिकवतात, आणि दिवसभरात जेवण हे एवढंच. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्यांना चटईवर शांत बसलेलं बघून पहिल्यांदाच मला त्यांच्यासाठी भीती वाटली. आतापर्यंत मला सुदामरावांची भीती वाटत होती.

आत जाऊन कुकर उघडला. दाणे जसेच्या तसे होते. एक उचलून दाताखाली धरला तर दातच मागे सरला.

"असं कसं होईल?" सुंदराबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "मसूर आत्तापर्यंत विरघळला पाहिजे होता. पाणी कुठलं घातलंत?"

"ड्रमातलं."

"ते बोअरचं. बोअरच्या पाण्यात काही शिजत नाय. नळाचं पाहिजे. पहाटे आलं होतं की पाच वाजता, जांभूळच्या टाकीवरून. तुम्ही झोपला होतात."

त्यांनी पुडीत बांधून खायचा सोडा फेकला. मी तो घातला. कुकरात फेस आला. मग त्या म्हणाल्या, चमचाभर तेल टाका. टाकलं. करवंटीचा तुकडा टाका म्हणाल्या. तोही टाकला. आता सुदामरावांनाही राहवेना. तटस्थ राहायचा त्यांचा निश्चय होता, पण सल्ला द्यायची संधी समोरून जात असताना गप्प बसणं अध्यक्षाला शक्य नसतं. त्यांनी खिशातून सुपारी काढून अर्धी कातरली आणि म्हणाले, "आमच्या शेटच्या घरी हे टाकतात. दगड पण शिजतो, साईं." सुपारीही गेली. मग मी झाकण लावलं आणि पुन्हा फुसफुस मोजायला लागलो. ती मोजताना मध्येच मला वाटलं की आपण शिट्ट्या मोजतो आहोत की मिनिटं, आणि नेमकी कुठली गोष्ट चार व्हायला हवी होती. कुणाला विचारायची सोय नव्हती.

सव्वाअकराला पुन्हा झाकण उघडलं. सुपारी मऊ झाली होती. दाणे झाले नव्हते.

मी कुकरसमोर बसून राहिलो. बाहेर भन्ते बसलेले, त्यांचे डोळे मिटलेले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला न शिजलेल्या उसळीवरून रडू येत नाही.

"बाय हायेत का?" दारातून आवाज आला. ठमी होती. बारवी धरणाच्या पलीकडच्या वाडीवरून ती दर शुक्रवारी पावसाळी भाज्या घेऊन येते. टाकळा, कुरडू, कधी करटोली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने आतलं दृश्य पाहिलं. सुंदराबाई उंबऱ्यावर, सुदामराव हातात घड्याळ घेऊन, एक साधू बाहेरच्या खोलीत, आणि मी कुकरपुढे.

"बाय बदलापूरला आहेत," मी म्हणालो. "आज भाजी नको."

ठमी सरळ आत आली. नियम तिला कुणी सांगितले नव्हते. कुकरात वाकून तिने दोन दाणे बोटात घेतले. "दादा, ह्ये कशापायी शिजवताय?"

"मसुराची उसळ आहे."

"मसूर कुठाय ह्यात? ह्ये काळं वाटाणं हायेत. रातच्याला भिजत घालत्यात, तवा सकाळी शिजतात. बिनभिजल्या वाटाण्याला सोडा घातला तरी त्यो आयकत नाय."

उंबऱ्यावर सुंदराबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हणून मी म्हणतेय! मसूर म्हणालात ना तुम्ही?"

मी फळीकडे बोट दाखवलं. "मसूर गडद असतो ना?"

"सालीतला गडद असतो," ठमी म्हणाली. तिने तो तांबड्या डाळीचा डबा खाली घेतला. "साल काढली का ह्यो असा. ह्यो मसूरच की. ह्याला भिजवाय लागत नाय. पातेल्यात पाणी उकळा, त्यात टाका, दोन दमात मऊ."

गडद मसूर आतून तांबडा असतो, आणि जो डबा मी डाळ म्हणून बाजूला ठेवला होता तोच मसूर होता, हे मला एका मिनिटात पचवावं लागलं. पचवलं. कुकर उतरवून स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं, डाळ धुतली, पाणी उकळायला लागलं. तेवढ्यात सुदामराव खाकरले.

"शंकरराव, नियम सहा. अख्ख्या कडधान्याची उसळ. ही तर डाळ. डाळ म्हणजे फोडलेली."

"मसूर आहे तो."

"होता अख्खा. आता नाही. तुम्हीच लिहिलंय, अख्ख्या."

मी डाळीचं भांडं हातात घेऊन उभा राहिलो. मला आठवेना की अख्ख्या हा शब्द मी का घातला होता. वाक्य भारदस्त दिसावं म्हणून असावा. सालीसकट मसूर अख्खा आणि बिनसालीचा मसूर नियमबाह्य, तर मग भन्तेंनी काय साल खायची होती? मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि माझी खात्री आहे की मी जिंकलोही असतो, पण बाहेरच्या खोलीतून भन्तेंनी हळू आवाजात विचारलं, "उपासक, किती वाजले?"

"अकरा अठ्ठावीस," सुदामराव म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, नियम सहा त्यांनी तिथेच सोडून दिला. "टाका डाळ. लवकर टाका."

टाकली. ठमी सांगत गेली, मी करत गेलो. हळद, तेल, हिरवी मिरची. सुंदराबाईंनी उंबऱ्यावरून कोथिंबिरीची काडी फेकली, ती थेट पातेल्यात पडली. पावणेबाराच्या आत डाळ खरोखरच मऊ झाली. तो वास बाहेरच्या खोलीत गेला, आणि भन्तेंनी डोळे उघडले.

मी पात्रात डाळ वाढली. सुदामरावांनी पाणी ठेवलं. भन्तेंनी पात्रात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आणि भात?" सुंदराबाई म्हणाल्या.

दीड तास आम्ही तिघं एका दाण्याच्या मागे लागलो होतो. त्यात भात लावायचं एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. घरात तांदूळ होता, बारा वाजायला पंधरा मिनिटं होती, स्टोव्हमधलं रॉकेल संपत आलं होतं. मी मान खाली घातली. भन्तेंनी नुसती डाळ प्यायला हरकत नाही असं म्हणावं अशी मी वाट पाहत होतो, आणि ते तसं म्हणाले असते तर मला जमिनीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं.

ठमी उठली. पाटीत भाजीच्या खाली एक फडकं होतं, त्यात तिच्या दुपारच्या नाचणीच्या दोन भाकरी होत्या आणि एक कांदा. तिने दोन्ही भाकरी काढून भन्तेंच्या पात्रात ठेवल्या. ओल्या हातांनी पदर सावरून हात जोडले.

"अगं, तू काय खाशील?" सुंदराबाई म्हणाल्या.

"माझं पोट काय घड्याळ बघत नाय," ठमी म्हणाली. "त्यांचं बघतंय म्हणता ना."

ही भाकर आमच्या घरी शिजलेली नव्हती. शिजवणारी माझ्या कुटुंबातली नव्हती. सुदामराव माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. दोघांपैकी कुणीही नियम चार काढला नाही. भन्तेंनी भाकर मोडली, डाळीत बुडवली आणि सावकाश जेवले. घाई केली नाही. बाराला तीन मिनिटं असताना त्यांनी पात्र बाजूला ठेवलं.

जेवणानंतर ते दात्याला आशीर्वाद देतात. मी सवयीने पुढे सरकलो. भन्तेंनी ठमीकडे बघून विचारलं, "बाई, तुझं नाव काय?" तिने सांगितलं. ते तिच्या नावाने आशीर्वादाची गाथा म्हणू लागले, आणि मी, माझ्याच घरात, तिच्या मागे पाहुण्यासारखा हात जोडून उभा राहिलो. मला वाईट वाटलं नाही. मला आश्चर्य वाटलं की वाईट का वाटत नाही. एवढं सगळं झाल्यावर तीच माझी खरी जागा आहे असं मला वाटलं.

बाराचा भोंगा वाजला. मी ठमीला बसवून घेतलं. पातेल्यात डाळ होती, ती ताटलीत वाढून दिली. सुंदराबाई शेवटी उंबरा ओलांडून आत आल्या आणि त्यांनी तिला आपल्या घरचा भात आणून दिला. ठमीने पहिला घास घेतला आणि थांबली.

"दादा," ती म्हणाली, "ह्यात मीठ नाय."

मी बोट बुडवून चाखलं. खरंच नव्हतं. सोडा, तेल, करवंटी, सुपारी, इतकं सगळं त्या सकाळी या स्वयंपाकघरात कुकरात-पातेल्यात गेलं, आणि मीठ कुणाला आठवलं नाही.

भन्ते दारात छत्री उघडत होते. मी धावत गेलो. "भन्ते, डाळीत मीठ नव्हतं. आपण काहीच बोलला नाहीत."

भन्ते क्षणभर थांबले. "मला वाटलं," ते म्हणाले, "तोही तुमचा एखादा नियम असेल."

आणि ते गेले. त्यांनी हे थट्टेत म्हटलं की खरंच त्यांना तसं वाटलं होतं, मला अजूनही कळलेलं नाही. सुदामरावांना विचारलं तर ते नुसतं हसतात. त्या संध्याकाळी मी विहारात जाऊन भिंतीवरची नियमावली काढली. नखांनी खरवडून काढावी लागली. चिकटवताना मी खळ जरा जास्तच लावली होती.